उजवी बाजू मोकळी

नवरा गेल्यावर मी गाडी चालवायला शिकले. हे सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक उमटतं आणि त्या कौतुकाचं काय करावं मला कळत नाही. कारण साधं होतं. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत आमच्या घरापासून दुधाच्या दुकानापर्यंत फूटपाथ नाही. बस कधीतरी जाते, तीही दुसऱ्या रस्त्याने. गाडी गॅरेजमध्ये होती आणि ती चालवणारा माणूस नव्हता.

आम्ही या गावात आलो तेव्हा एकच गाडी होती. तो मला ग्रंथालयाशी सोडून पुढे त्याच्या प्रयोगशाळेत जाई, संध्याकाळी परत घेऊन येई. पुढे दुसरी गाडी परवडली असती, पण तोवर सवय झाली होती. निवृत्त झाल्यावरही आम्ही सगळीकडे बरोबरच जात होतो. मी शिकले नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आणि त्यानेही कधी आग्रह केला नाही. ज्या दिवशी तो हॉस्पिटलमध्ये गेला त्या दिवशी मी अँब्युलन्समधून गेले होते. परत येताना मला कोणीतरी घरी सोडलं. कोणी, ते मला आजही आठवत नाही.

पहिले काही महिने मराठी मंडळातल्या लोकांनी मला सांभाळलं. शनिवारी किराण्यासाठी एक निवृत्त डॉक्टर यायचे. हॉर्न वाजवत नसत. ड्राइव्हवेत गाडी चालू ठेवून शांत बसून राहत. त्यांना थांबावं लागू नये म्हणून मी केव्हाची चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसलेली असे. त्या वेळात वाचन होत नसे. दुकानात मी भाज्यांपाशी रेंगाळले की ते म्हणत, "सावकाश होऊ द्या, वहिनी. मला काही घाई नाही." त्यांनी असं म्हटलं की मी कोथिंबीर न घेताच पुढे सरके.

मुलगी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला असते. तिचं म्हणणं एकच होतं.

"आई, बी रिअलिस्टिक. विंटरमध्ये काय करणार तू? घर लिस्ट करू. इथे ये. इथे तुला सगळं वॉकिंग डिस्टन्सवर आहे."

"मी गाडी शिकते," मी म्हणाले.

"तू?"

"हो."

"आई, तू एस्केलेटरवर पाय ठेवताना मागच्या चार लोकांना पुढे जाऊ देतेस."

ते खरं होतं. शेवटी असं ठरलं की थंडी सुरू होण्याआधी लायसन्स मिळालं तर मी या घरात राहायचं, नाही मिळालं तर घर विकायचं. अट रास्त होती. मला घर सोडायचं नव्हतं, पण का, हे तिला पटेल असं सांगता आलं नसतं. पुस्तकं कुठेही नेता येतात. भिंती काही आमच्या वाडवडिलांच्या नव्हत्या. पण या घरात तो कुठल्या खुर्चीत बसायचा, कुठल्या खिडकीशी उभा राहून फोनवर बोलायचा, हे मला दिसतं. सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये ते दिसायला जागाच नाही.

लेखी परीक्षा मी लगेच पास झाले. नियमांचं पुस्तक मी दोनदा वाचलं होतं, दुसऱ्यांदा आवडीने. मग गावातल्या ड्रायव्हिंग स्कूलचा एक मुलगा आठवड्यातून एकदा तास घ्यायला येऊ लागला. एका तासाला शिकलेलं पुढच्या तासापर्यंत माझ्या हातापायांतून निघून जाई. सप्टेंबर उजाडला आणि मी अजून आमच्याच गल्लीत फिरत होते. तेव्हा मुलीनेच इंटरनेटवर हा कॅम्प शोधून काढला. माझा असा समज आहे की मी हरणार हे तिने धरलेलं होतं. मात्र पूर्ण संधी देऊन हरू द्यावं असा तिचा न्याय होता. त्या बाबतीत ती बापावर गेली आहे.

कॅम्प राज्याच्या पश्चिम भागात, डोंगराळ मुलखात होता. उन्हाळ्यात तिथे शाळकरी मुलं येतात. त्यांची शाळा सुरू झाली की त्याच लाकडी खोल्या एक ड्रायव्हिंग स्कूल भाड्याने घेतं आणि मोठ्या वयाच्या, गाडी न येणाऱ्या माणसांना आठवडाभर ठेवून घेतं. सकाळ-दुपार गाडी, मध्ये जेवण, शेवटच्या दिवशी जवळच्या गावात सरकारी परीक्षा. झोपायला मुलांच्याच दोन मजली खाटा. माझ्या खाटेच्या फळीवर कोणीतरी चाकूने कोरून ठेवलं होतं की त्याला घरी जायचं आहे.

वरच्या खाटेवर नागपूरची एक मुलगी होती. मुलगी म्हणजे तिशी ओलांडलेली, बॉस्टनजवळ आयटीत काम करणारी. तिचं नवं ऑफिस जिथे होतं तिथे रेल्वे जात नव्हती. मला पाहताच तिने विचारलं, "काकू, तुम्ही मराठी न? मला वाटलंच. चिवड्याचा वास आला."

एका गाडीत दोन शिकणारे असत. एक चालवायचा, दुसऱ्याने मागे बसून पाहायचं. आम्हा दोघींना एकत्र टाकलं. शिकवणारी बाई माझ्याच वयाची, पूर्वी शाळेत खेळाची शिक्षिका होती. गळ्यात अजून शिट्टी असायची. ती उजवीकडे बसे आणि तिच्या पायाखाली तिचा स्वतःचा ब्रेक होता. सगळ्यांना ती 'हनी' म्हणे, रागावली तरी.

नागपूरच्या मुलीने आयुष्यभर स्कूटी चालवली होती. तिची अडचण पहिल्याच दिवशी कळली. समोर सरावासाठी ठेवलेला नारिंगी कोन आला की ती स्टीअरिंग दोन्ही मुठींनी करकचून आवळायची आणि गाडी त्याच वेगाने कोनावर जायची. वर पाय खाली टेकायला धडपडायचे.

"हनी, ब्रेक!"

"दाबतेय न मी!"

"पायाने!"

मागे बसून मी हसू दाबत होते. उतरल्यावर ती म्हणाली, "काकू, हसा तुम्ही. आमच्याकडे ब्रेक हातात असतो, पाय फक्त चिखलासाठी."

माझी अडचण लगेच कोणाच्या लक्षात आली नाही. मी हळू चालवत होते, सिग्नल वेळेवर देत होते, गाडी रेषेत ठेवत होते. शिकवणारी बाई म्हणाली, की इतकी शांत विद्यार्थिनी तिला बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. मला बरं वाटलं. मुलीला फोन करून तसं सांगितलंही. ती म्हणाली, "गुड, आई. बाय द वे, सोमवारी एक रियल्टर घर बघायला येतेय. जस्ट इन केस." रियल्टर म्हणजे घरं विकून देणारी बाई. परीक्षा शनिवारी होती.

एका दुपारी जेवताना नागपूरची मुलगी तळ्याबद्दल काही बोलली. गावात जाताना लागतं ते तळं, त्यात कोणी होडी घेऊन उभं होतं म्हणे.

"तळं कुठे आहे?" मी विचारलं.

ती खायची थांबली. "काकू! रोज आपण त्याच्या काठाकाठानं जातो. केवढं मोठं आहे!"

"चर्च आहे, भोपळ्यांचा स्टॉल आहे, मग घोड्यांचं कुंपण..."

"ते सगळं राइटला. तळं लेफ्टला."

"मी रस्त्याकडे पाहत होते," मी म्हणाले. तिने मान डोलावली आणि माझ्या ताटलीतलं लोणचं उचललं. तो विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्हाला रोटरीवर नेलं. मॅसॅच्युसेट्समध्ये चौकातल्या गोल रस्त्याला रोटरी म्हणतात. तिथे गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. म्हणजे आत शिरणाऱ्याला जे काही भेटायचं ते सगळं डावीकडून येतं. उजवीकडून काही येतच नाही.

मी तोंडाशी थांबले. पुढे वाकून उजवीकडे नीट पाहिलं. "मोकळं," म्हणाले. क्षणभर थांबले, आणि निघाले.

गाडी जागच्या जागी अशी थांबली की पट्टा छातीत रुतला. तिच्या ब्रेकने थांबली होती. लाकडाचे ओंडके भरलेला एक ट्रक आमच्या नाकासमोरून गेला. त्याचा हॉर्न तो रोटरीच्या पलीकडे पोचेपर्यंत वाजत होता.

शिकवणाऱ्या बाईने मला शेजारच्या चर्चच्या आवारात गाडी घ्यायला लावली. शिट्टी मुठीत धरून ती माझ्याकडे वळली.

"हनी," ती म्हणाली, "त्या अख्ख्या वर्तुळात एकच बाजू अशी आहे जिथून काही येऊ शकत नाही. ती तू जितकी निरखून पाहिलीस, तितकं निरखून मी आयुष्यात कोणाला पाहताना बघितलं नाही. आणि पाहून झालं की तू काहीतरी म्हणतेस. मी चार दिवस ऐकतेय. प्रार्थना आहे का ती?"

मागून नागपूरची मुलगी म्हणाली, "प्रार्थना नाही. रस्ता क्लिअर आहे, असं म्हणतात त्या."

"कोणाला सांगते ती?" बाईने विचारलं.

बाई पाय मोकळे करायला खाली उतरली. मुलगी पुढे झुकली. "खरंच, काकू. कोणाला सांगता?"

तेव्हा मी तिला सांगितलं. आमची गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे उजवीकडे शेजाऱ्याचं उंच कुंपण आहे. डावीकडे, स्टीअरिंगशी बसलेल्या माणसाला त्यापलीकडचं दिसत नाही. उजवीकडे बसलेल्याला पुढे वाकलं की दिसतं. म्हणून पहिल्या हिवाळ्यात तो विचारायला लागला, "बघ गं, येतंय का काही?" मी पाहायची आणि म्हणायची, "मोकळं." तो डावीकडे पाहायचा, म्हणायचा, "चला." मग ते त्या एका वळणापुरतं राहिलं नाही. प्रत्येक चौकात, प्रत्येक पार्किंगमधून निघताना, परक्या शहरातही. हळूहळू त्याचं विचारणं बंद झालं. मी आपणहून सांगायची. तो उजवीकडे मान वळवायचादेखील नाही. माझ्या शब्दावर निघायचा. इतक्या वर्षांत मी गाडीत कधी वाचलं नाही. मला काम असे.

"म्हणजे लेफ्ट काकांच्या खात्यात," ती म्हणाली.

"हो."

"आणि मोकळं म्हटल्यावर तुम्ही थांबता ते..."

"चला म्हणायला वेळ देते, असं दिसतं."

मग ती म्हणाली, "काकू, लेफ्ट पण आता तुमच्याच खात्यात आलं. दुसरं कोण बघणार?"

चर्चच्या आवारात कोणीतरी यंत्राने पानं गोळा करत होतं.

"सॉरी," ती म्हणाली. "मी पटकन बोलून जाते. माझी सासू पण हेच म्हणते."

"नाही," मी म्हणाले. "बरोबर आहे."

तो गेल्यापासून बरेच लोक येऊन बरंच काही बोलून गेले होते. चांगलं बोलले होते. त्याच्या जाण्याने कुठलं काम रिकामं पडलं हे इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं. मला रडू वगैरे आलं नाही. मी आरसा पुन्हा नीट केला. तो आधीही नीटच होता.

शिकवणाऱ्या बाईने त्यावर एक पद्धत काढली. प्रत्येक चौकात थांबल्यावर डावीकडे काय दिसतं ते मी मोठ्याने सांगायचं. 'काही नाही' चालणार नाही, वस्तू सांगायची. बोलणं पुरं झाल्याशिवाय ब्रेकवरून पाय काढायचा नाही. भाषा कुठलीही चालेल.

ही पद्धत मला जमली. आयुष्यभर ग्रंथालयात मी समोर आलेल्या वस्तूला नाव देऊन जागेवर ठेवण्याचंच काम केलं होतं. पिवळं घर, पांढऱ्या खिडक्या. टपालपेटी, वाकलेली. म्हातारा आणि कुत्रा, दोघं उभे. लाल गाडी, येतेय. मागून नागपूरची मुलगी परीक्षकासारखी "बरोबर", "बरोबर" म्हणायची, आणि एकदा ओरडली, "काकू, ती गाय नाही, घोडा आहे!" तळंही दिसलं. मोठं होतं खरंच. रोटरीभोवती आम्ही इतक्या फेऱ्या मारल्या, की कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावरचा माणूस हात करायला लागला.

जीभ मात्र ऐकत नव्हती. उजवीकडे पाहिलं की 'मोकळं' बाहेर पडायचंच. बाई म्हणाली, असू दे. शब्दाने अपघात होत नाही. फक्त त्याच्यानंतर थांबू नकोस. आधी डावीकडे बघ, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि निघ. मी तो क्रम जेवताना, दात घासताना म्हणत असे. 'मोकळं'नंतरची ती छोटी पोकळी जायला सगळ्यात जास्त वेळ लागला. परीक्षेच्या आदल्या दिवशीही दोनदा आली.

शनिवारी मुलगी सनीव्हेलहून आली. बॉस्टन विमानतळावरून भाड्याची गाडी घेऊन थेट परीक्षेच्या जागी. तिच्या हातात माझ्यासाठी स्वेटर होता. माझा मी घरी विसरले असणार असं तिने गृहीत धरलं होतं, आणि मी विसरले होते.

"टेन्शन घेऊ नको, आई. काहीही झालं तरी वी हॅव अ प्लॅन."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. तो प्लॅन सोमवारी सकाळी आमच्या दिवाणखान्यात उभा राहून भिंती मोजणार होता.

नागपूरच्या मुलीची परीक्षा माझ्याआधी झाली. ती परत आली ती लांबूनच हात हलवत. "गेली, काकू! मागे घेताना फूटपाथच्या कर्बवर चढली मी! यार, चढली तर चढली, वर जाऊन स्टीअरिंग आवळून बसली!" तिला दोन आठवड्यांनी पुन्हा यायचं होतं. माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "तुम्ही जा. लेफ्ट विसरू नका."

परीक्षक जाडजूड, न बोलणारा माणूस होता. शिकवणारी बाई नियमाप्रमाणे मागे बसली. त्याने आधी हाताचे इशारे करायला सांगितले. खिडकीतून हात बाहेर काढून मी डावं, उजवं, थांबणं दाखवलं. मग रस्त्याच्या कडेने गाडी सरळ मागे. मग अरुंद रस्त्यावर गाडी उलटी वळवणं. ते सगळं बरं झालं.

मग एका गल्लीच्या तोंडाशी त्याने उजवीकडे वळायला सांगितलं. समोर वाहता रस्ता होता. मी डावीकडे पाहिलं. शिडीवर चढून एक माणूस खिडकी रंगवत होता, शिडीखाली डबा. त्याच्या अलीकडून गाड्या येत होत्या. उजवीकडे पाहिलं. ओठ हलले असतील, आवाज झाला नाही. पुन्हा डावीकडे. एक फट आली. दुसरा कोणी त्यातून सहज गेला असता. मी जाऊ दिली. परीक्षकाने नाकातून श्वास सोडला. आणखी एक फट आली, तीही तशीच. मागे कोणीतरी हॉर्न वाजवला. याच जागी बसून राहिल्याबद्दलही नापास करतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिसऱ्या वेळी एका निळ्या व्हॅनमागे रस्ता खरोखर रिकामा दिसला. कोणी काही म्हणायची वाट न पाहता मी पाय काढला.

परत आल्यावर त्याने खिडकीबाहेर पाहतच सांगितलं, की मी पास आहे. "थोडं लवकर निघत जा," असंही म्हणाला. मागून शिट्टी वाजली. बाईने वाजवली होती. परीक्षकाला ते आवडलं नाही.

भाड्याची गाडी मला चालवता येणार नव्हती, म्हणून घरी मुलीनेच आणलं. वाटेत गाडीच्या फोनवरून तिने रियल्टरला सोमवारचं कॅन्सल केलं. इंग्रजीत, अगदी व्यवस्थित. पलीकडची बाई म्हणाली, वसंतात मार्केट अजून चांगलं असतं. मुलगी म्हणाली, वसंतात बोलू.

"एक विंटर बघू, आई," ती मला म्हणाली. "स्नोमध्ये चालवायचं नाही. प्रॉमिस?"

"स्नोमध्ये मी घरात बसून वाचेन."

"मी तुला न्यायला आले होते," ती म्हणाली. "तिकडची खोली पेंट करून ठेवलीय."

हे मला माहीत नव्हतं. कुठला रंग, असं मी विचारलं. तिने सांगितलं. मी म्हणाले, चांगला आहे, डिसेंबरात येईन बघायला. तिने डोळे पुसले ते गॉगलच्या आतून, एका हाताने, आणि मी तिला दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवायला सांगितलं. त्यावर ती हसली.

ती गेल्यावर आठवड्याने गाडीत गॅसचा, म्हणजे पेट्रोलचा, दिवा लागला. कॅम्पात सगळं शिकवलं होतं, गॅस भरायला शिकवलं नव्हतं. घरी ते तो करायचा. मी आत बसून गाडीच्या काचेतून त्याची पाठ पाहायची. टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे हे मला ठाऊक नव्हतं. एका बाजूला गाडी लावली, उतरून पाहिलं, झाकण तिकडे नव्हतं. पुन्हा बसले, फिरून दुसऱ्या बाजूला लावली. झाकण उघडेना. गाडीत वाकून सगळी बटणं पाहिली तेव्हा एकावर पंपाचं चित्र सापडलं. पाइप वाटला त्याहून जड होता. मागे एक ट्रकवाला थांबला होता. त्याने काच खाली करून विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी म्हणाले, पहिल्यांदाच भरतेय. त्याने इंजिन बंद केलं आणि कॉफी प्यायला लागला.

आकडे थांबेपर्यंत मी पाइप धरून उभी राहिले. झाकण लावलं, ते टक्क वाजलं. मग पंपावरून मोठ्या रस्त्याला लागले आणि कोथिंबीर घ्यायला गेले.